शब्दचर्चा: नूतनीकरण, जीर्णोद्धार की पुनर्बांधणी?

मुद्रितशोधक
आमच्या गावातल्या स्टेडियमच्या कामाची निविदा छापायला आली आहे. वर ठळक अक्षरांत 'क्रीडासंकुलाचे नूतनीकरण', आणि खाली कामाच्या तपशिलात 'विद्यमान प्रेक्षागॅलरीचे निष्कासन करून त्याच जागी नवीन गॅलरी बांधणे'. म्हणजे पाडणारच. जाहिरातीतलं अक्षरही मला बदलता येत नाही, पण त्यावरची बातमी माझ्या टेबलावर आहे आणि वार्ताहराने 'स्टेडियमचा कायापालट' असं ठोकून दिलंय. आहे ते राखून सुधारणं आणि पाडून नवं बांधणं, या दोन्हींना मराठीत वेगळे शब्द रूढ आहेत का? की सगळ्यालाच नूतनीकरण म्हणायचं?

अवग्रह
'नूतनीकरण' मुळातच सैल शब्द आहे. वाहन परवान्याचं नूतनीकरण होतं, विमा पॉलिसीचं होतं. तिथे जुनी मुदत संपून नवी सुरू होते, परवाना तोच राहतो. इमारतीच्या बाबतीतही 'वस्तू तीच, अवस्था नवी' एवढाच अर्थ घ्यावा. अहमदाबादच्या मोटेऱ्याला हा शब्द सर्रास लावला गेला तेव्हा मला खटकलं होतं. तिथलं सरदार पटेल स्टेडियम २०१५ मध्ये पाडायला घेतलं आणि २०२० मध्ये १ लाख ३२ हजार प्रेक्षकांचं नवं उभं राहिलं. ही सरळ पुनर्बांधणी. राखून सुधारायचं असेल तर आपला 'जीर्णोद्धार' आहे की!

नॉर्थ स्टँड
स्टेडियमचा जीर्णोद्धार म्हटलं की कलशारोहणाची पत्रिका यायची हो घरी, आणि खाली 'महाप्रसादाचा लाभ घ्यावा'.

गंमत राहू द्या. वानखेडेला कोणता शब्द लावाल? १९७५ च्या जानेवारीत पहिली कसोटी झालेलं मैदान. २०११ च्या विश्वचषकाआधी उत्तर आणि दक्षिण बाजू नव्याने बांधल्या, वर खांबांचा अडथळा नसलेलं छत आलं, आणि बाकीचा भाग आहे तिथेच राहिला. पाडलं म्हणावं तर पाडलं, राखलं म्हणावं तर राखलं. आम्ही 'वानखेडेचं काम चाललंय' एवढंच म्हणायचो. त्या काळात २००९ च्या डिसेंबरमधली श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर गेली आणि सेहवागचे २९३ तिथे झाले. ब्रेबॉर्नवर त्याआधीची कसोटी १९७३ ची! ज्या मैदानाशी तिकिटांवरून भांडून वानखेडे उभं केलं, त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागलं.

अवग्रह
'कात टाकली' हा वाक्प्रचार तिथे चपखल बसतो. साप तोच, कातडी नवी.

नॉर्थ स्टँड
साप थोडा आखूड झाला मात्र. क्षमता उतरून ३३ हजारांच्या आसपास आली. पायऱ्यांवर मांडीला मांडी लावून बसणारी माणसं स्वतंत्र खुर्च्यांवर बसवली की असंच होणार. ईडन गार्डन्सचंही तेच झालं. शिवाय तिथलं काम वेळेत न संपल्याने २०११ चा भारत-इंग्लंड सामना हातचा गेला. तो बंगळूरला झाला आणि बरोबरीत सुटला.

सळई
मी दुरुस्तीच्या कामांवर असतो, म्हणून जरा लांबण लावतो. महापालिका जुन्या इमारतींचं वर्गीकरण करते तिथे हे प्रकार आधीच वेगळे केलेले आहेत. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, गरज पडली तर थोडा भाग पाडून. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ, म्हणजेच घरगुती भाषेत डागडुजी. आता या चौघांवर 'नूतनीकरण' अशी एकच पाटी लावा आणि वाचकाला काय कळतं ते सांगा.

स्टेडियमच्या गॅलरीखाली जाऊन तुळईवर हातोडी मारत चाला. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो. मध्येच एके ठिकाणी बद्द आवाज आला की समजायचं, आतली सळई गंजलीय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो फुगून वरचं काँक्रीट ढकलतो आणि पोपडे सुटतात. समुद्राकाठी खारा वारा हे काम लवकर करतो. पोपडे काढून, सळई घासून, पॉलिमर मॉर्टर भरून, खांबांना जॅकेटिंग करून, म्हणजे बाहेरून नव्या काँक्रीटचं वेष्टण देऊन, अशी गॅलरी वाचवता येते. पण वरून गिलावा आणि रंग मारून 'नूतनीकरण पूर्ण' म्हणणारेही मी पाहिलेत. पहिल्याच पावसाळ्यात सगळं पुन्हा बाहेर येतं.

दुसरी बाजूही सांगतो. सांगाडा ठणठणीत असला तरी बाहेर पडायच्या वाटा अरुंद असतील, मागच्या रांगेतून अर्धं मैदान दिसत नसेल, तर जॅकेटिंगने काय होणार? तिथे पाडणं बरोबर असू शकतं. फक्त 'पाडतोय' असं म्हणा.

वैदर्भी
तुम्ही दोनच पर्याय धरून बसलात. आमच्या नागपुरात तिसरा झाला. सिव्हिल लाइन्सचं मैदान होतं तसं ठेवलं आणि २००८ पासून कसोट्या वर्धा रोडवर जामठ्याला गेल्या. जुन्या मैदानावर रणजी सामने होतच राहिले. पुण्यातही नेहरू स्टेडियमवरून मोठे सामने गहुंज्याला गेले. याला ना नूतनीकरण म्हणता येईल ना पुनर्बांधणी. 'स्थलांतर' म्हणावं तर जुनं तिथेच आहे. लोक आपले 'नवीन स्टेडियम', 'जुनं स्टेडियम' म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही.

शिकागोकर
इथला सोल्जर फील्डचा नमुना बघा. बाहेरच्या जुन्या खांबांच्या रांगा ठेवल्या आणि आत २००३ मध्ये काचेचं आणि पोलादाचं नवंकोरं स्टेडियम बसवलं. वाड्याचा दिंडी दरवाजा राखून मागे सात मजली अपार्टमेंट उठवावं तसं दिसतं. २००६ मध्ये त्याचा राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा काढून घेतला. मालकांच्या लेखी नूतनीकरण, वारसा ठरवणाऱ्यांच्या लेखी मूळ वास्तूच उरली नाही.

वैदर्भी
अवग्रह, तुमच्या जीर्णोद्धाराबद्दल एक शंका. सोमनाथाचा जीर्णोद्धार झाला असंच आपण म्हणतो ना? तिथे तर जुने अवशेष उतरवून नवं मंदिर बांधलं आणि १९५१ मध्ये प्रतिष्ठापना केली.

अवग्रह
बिनतोड. देवळाच्या बाबतीत उद्धार होतो तो स्थानाचा, दगडांचा नव्हे. म्हणजे जीर्णोद्धारही दोन्हीकडे चालतो आणि माझा उपयोगी शब्द गेला. 'पुनर्विकास'ही सुचवणार नाही. मुंबईत तो शब्द ऐकला की लोक आधी 'किती स्क्वेअर फूट?' विचारतात.

सळई
'दुरुस्ती' हा साधा शब्द का नको? म्हाडाच्या मंडळाचं नावच 'इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ' आहे. दोन वेगळी कामं, मध्ये 'व'. त्यांनी कधीच सोडवलेलं कोडं आपण इथे घालतोय.

अवग्रह
'दुरुस्ती'ला उद्घाटन करता येत नाही, म्हणून नको असतो.

मुद्रितशोधक
सगळ्यांचे आभार. 'कायापालट' काढला. मथळा केलाय: 'स्टेडियमची जुनी गॅलरी पाडून नवी बांधणार'. दोन कॉलमांत बसतो, 'निष्कासन'ही टळलं. सळई, तुमचं वाचून निविदा पुन्हा चाळली. गॅलरी सी-१ मध्ये आहे की सी-२ मध्ये, याचा त्यात कुठेच उल्लेख नाही. संरचनात्मक परीक्षण केव्हा झालं तेही नाही. वार्ताहराला तेवढं विचारून यायला सांगितलंय. बातमी उद्यावर गेली.

सळई
परीक्षणाचा अहवाल मिळाला तर शेवटचं पान आधी बघा. शिफारस तिथे असते.