आटे बसले म्हणजे ऑइल फिल्टर जुळला का?

वावरवाला (दारव्हा)
राजेहो, पोळा झाला, सोयाबीन सोंगणी तोंडावर आहे. आता घरोघरी ट्रॅक्टरचं ऑइल बदलणं निघेल, म्हणून विषय काढतो. तालुक्याच्या दुकानात जुना फिल्टर नेला की दुकानदार आटे आणि रबर रिंग जुळवून दुसरा फिल्टर देतो. माझ्या मते यात काहीच वावगं नाही. ट्रॅक्टर कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टरच्या कारखान्याकडून घेतात. तेच कारखाने आपल्या नावानंही माल विकतात. मग डब्यावरच्या शिक्क्यासाठी जास्त पैसे कशाला? त्या पैशात 250 तासांऐवजी 200 तासांवर ऑइल-फिल्टर बदला, इंजिनाला त्याचा जास्त फायदा आहे.

काळी माती (वणी)
भाऊ, नामांकित कारखान्याचा माल घ्या, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आटे जुळवून घेण्याला. फिल्टरच्या पोटात काय आहे ते आट्यावरून कळत नाही.

पहिली गोष्ट बायपास व्हॉल्व्ह. फिल्टरमधला गाळणीचा कागद चोंदला किंवा ऑइल घट्ट असलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो. बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं, हा त्यामागचा हिशेब. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह हेडमध्येच, म्हणजे इंजिनावर फिल्टर जिथे बसतो त्या भागात असतो, म्हणून त्या फिल्टरमध्ये तो देतच नाहीत. काहींत तो फिल्टरमध्येच असतो. आता बायपास नसलेला फिल्टर दुसऱ्या प्रकारच्या इंजिनावर चढवला तर? आटे बसतील, रिंग बसेल, गळणारही नाही. पण डिसेंबरात पहाटे 8-10 अंश थंडीत 20डब्ल्यू40 ऑइल घट्ट झालेलं असतं. तेव्हा सेल्फ मारल्यावर एक तर कागद दबून फाटेल, नाही तर वर ऑइल उशिरा पोचेल. क्रँकची बेअरिंगं अशीच खाल्ली जातात.

बायपास किती दाबावर उघडतो, तेही प्रत्येक इंजिनाचं वेगळं. साधारण 1 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आगेमागे असतो. कमी दाबाचा बसवला तर तो सारखा उघडा राहतो आणि न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. म्हणून पार्ट नंबर बघूनच घ्या. पुस्तिकेतला नंबर सांगा, दुकानदाराला त्याच्या कॅटलॉगमध्ये तो शोधू द्या.

पट्टापाना (मोर्शी)
आट्यांचंही सांगतो, कारण तेही नजरेनं जुळत नाहीत. एम20 × 1.5 (20 मिमी जाडी, दर 1.5 मिमीला एक आटा) हा एक आणि पाऊण इंच जाडीचा, इंचाला 16 आट्यांचा दुसरा. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, फरक मिलिमीटरचाही नाही. इंजिनाचा निपल (फिल्टर ज्यावर फिरवून लावतात ती आट्यांची नळी) पाऊण इंची असला आणि फिल्टर एम20 चा, तर तो हातानं फिरतो, शेवटी घट्टही लागतो. पण आट्यांची पकड नुसती टोकाटोकांची असते. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब 4-5 बारपर्यंत जातो. त्या दाबानं फिल्टर सटकला की सगळं ऑइल बाहेर. ओळखायची खूण: रिंग टेकायच्या आधी फिल्टर निपलवर डगडग हलत असेल तर तो उतरवा, लावू नका.

वावरवाला (दारव्हा)
बायपासचा मुद्दा पटला, पार्ट नंबर बघायलाच हवा. पण कंपनीच्याच डब्याचा आग्रह मला अजूनही पटत नाही. उलट ज्या डब्याला मागणी जास्त, त्याचीच नक्कल जास्त निघते. खेड्यातल्या माणसानं अस्सल ओळखायचा कसा?

काळी माती (वणी)
नकलेचा धोका आहेच, म्हणून तर पक्कं बिल मागायचं. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला अधिकृत दुकानातलाच फिल्टर लावा. उद्या इंजिन बसलं तर पहिला प्रश्न फिल्टरचाच येतो, तेव्हा हातात बिल पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरला बॉश, फ्लीटगार्डसारख्यांचा बरोबर नंबरचा फिल्टर चालतो, त्यावर वाद नाही.

हातात घेतल्यावर भोकांतून काडीनं आतलं रबर दाबून पाहा. ते ऑइल परत उतरू न देणारं झडपेचं रबर. मऊ असावं, दाबलं की लगेच परत यावं. कडक किंवा वाकडं असेल तर घेऊ नका. आडव्या किंवा तोंड खाली असलेल्या फिल्टरला याची फार गरज असते. हे रबर कामातून गेलं की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, मग सकाळी ऑइलचा दिवा उशिरा विझतो आणि इंजिन खडखडतं.

पट्टापाना (मोर्शी)
जुना फिल्टर फेकून देता, तो कापून बघा. हॅक्सॉनं नको, त्याचा चुरा आत पडतो आणि फसगत होते. काठावरून छिन्नीनं उघडा, कागदाच्या घड्या कापून पसरवा आणि उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारा कीस म्हणजे लोखंड: लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टनची रिंग, गिअर. चमकतं पण चिकटत नाही असा कीस बेअरिंगचा असू शकतो. तसा दिसला तर पुढचं रोटाव्हेटरचं काम थांबवा, आधी मिस्त्रीला दाखवा. घड्या एका बाजूला गोळा झाल्या असतील किंवा कागद टोकाच्या पत्र्यापासून सुटला असेल, तर त्या बनावटीचा फिल्टर पुन्हा घेऊ नका.

गाळणी (चिखली)
तुमचं सगळं बरोबर, पण वजन चुकीच्या जागी टाकता आहात. मळणीच्या दिवसांत धूळ येते एअर फिल्टरमधून. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (हवेतली धूळ ऑइलमध्ये अडकवणारा फिल्टर) वाटीत गाळ साचला किंवा होजचा क्लॅम्प ढिला राहिला, तर कितीही महाग ऑइल फिल्टर लायनर वाचवू शकत नाही. दुसरं, डिझेलची काजळी इतकी बारीक असते की ती बहुतेक फिल्टरमधूनच निघून जाते. म्हणून नुसता फिल्टर बदलून जुनंच ऑइल ठेवणं चुकीचं. दोन्ही एकदम बदला.

वावरवाला (दारव्हा)
हे लाख मोलाचं. माझं 200 तासांचं म्हणणं त्यासाठीच होतं.

पट्टापाना (मोर्शी)
बसवतानाची चूक फिल्टरच्या चुकीपेक्षा जास्त दिसते. जुनी रबर रिंग हेडला चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर चढतो. दोन रिंगा एकावर एक आल्या की दाब येताच रिंग सरकते. हेड फडक्यानं पुसा, बोट फिरवून बघा. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा. रिंग टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा; फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर तसं करा. पट्ट्याचा पाना फक्त काढायला. आणि फिल्टर सरळ, तोंड वर करून लागत असेल तर आधी ऑइलनं भरून लावा, विशेषतः टर्बो इंजिनला.

काळी माती (वणी)
भरून लावण्याला माझा विरोध. मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल गाळलं न जाता थेट बेअरिंगकडे जातं, कॅनमधल्या कचऱ्यासकट. भरायचंच असेल तर कडेच्या बारीक भोकांतून, हळूहळू.

पट्टापाना (मोर्शी)
कडेच्या भोकांतून, हे मान्य. पण टर्बो कोरडा फिरवायला मी तयार नाही. सुरू केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका, 2-3 मिनिटं आयडलवर ठेवा. मग बंद करून 10 मिनिटांनी डिपस्टिक बघा. फिल्टरनं ऑइल पिलेलं असतं, तेवढं वरून टाका.