बॅटरीवरचं लॉन मोवर घ्यावं का? (कोथरूड, आमच्या रो हाऊसच्या ग्रुपवरून)

रो हाऊस ३, काकू :
सुप्रभात सगळ्यांना. एक विचारायचं होतं. आठ-दहा दिवस झाले झड काही थांबत नाहीये आणि आमचं लॉन घोट्याच्या वर गेलंय. माळीमामांचे गुडघे दुखतायत त्यामुळे ते पंधरा दिवसांनी एकदाच येतात, त्यांना घाई करायला मला बरं वाटत नाही. मुलगा म्हणतोय बॅटरीवरचं लॉन मोवर मागवून टाकतो. ९ नंबरच्या ताईंकडे आहे ना ते? कसं चालतं? आमचं पुढचं-मागचं मिळून साधारण ८०० स्क्वेअर फूट होईल.

रो हाऊस १२, दादा :
काकू नका घेऊ. बॅटरी दोन वर्षांत बसते आणि मशीन जातं माळ्यावर. सासरी वाईला पेट्रोलचा ब्रश कटर आहे (लांब दांड्याचं गवत कापायचं मशीन), एकदा टाकी भरली की अख्खं आवार साफ होतं. घ्यायचंच तर ते घ्या.

रो हाऊस ७, काका :
ब्रश कटर इथे नको रे बाबा. मागच्या वर्षी आपण ज्या माणसाला कॉमन लॉनसाठी बोलावलं होतं त्याच्या ब्रश कटरने खडा उडून माझ्या गाडीची मागची काच गेली, आणि तेव्हा शेजारची पोरं तिथेच सायकल चालवत होती हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. ते रानासाठी आहे, बांधावरचं गवत काढायला. लॉन त्याने सपाट कापलं जात नाही, खड्डे पडल्यासारखं दिसतं.

रो हाऊस ५, वहिनी :
आणि आवाज!! माझं बाळ सहा महिन्यांचं आहे, दुपारी जेमतेम डोळा लागतो त्याचा. प्लीज पेट्रोलचं काही आणू नका.

रो हाऊस ९, ताई :
काकू आत्ता बघितला मेसेज. हो माझ्याकडे आहे, तिसरा पावसाळा चालू आहे त्याचा. सविस्तर लिहिते कारण मी घेतलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं आणि एक बॅटरी माझ्याच चुकीने गेली, तुमची जाऊ नये.

पहिलं म्हणजे बॉक्सवरच्या आकड्यांनी भुलू नका. ४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते पूर्ण चार्ज असतानाचं, चालताना ते ३६ चंच धरायचं, तसंच २० व्होल्ट म्हणजे १८. बॅटरीत वीज किती मावते तो खरा आकडा काढायचा तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं. माझी ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची आहे म्हणजे १४४ वॉट-अवर. गवत कापताना मोटर ४०० वॉटच्या आसपास खात असेल तर हिशोबाने २०-२१ मिनिटं येतात आणि माझ्याकडे उन्हाळ्यात तेवढीच मिळतात, पावसाळ्यात दाट गवताला १४-१५ वरच येते. तुमचं ८०० फुटांचं लॉन एका चार्जमध्ये आरामात होईल पण आत्ताच्या उंचीचं नाही होणार, ते सांगते पुढे. आणि विजेचं म्हणाल तर एका वेळच्या चार्जिंगला पाव युनिटही लागत नाही.

रो हाऊस १२, दादा :
ताई पण मग तुमचीच बॅटरी गेली म्हणताय ना? तेच तर मी म्हणतोय.

रो हाऊस ९, ताई :
गेली, पण बॅटरी वाईट होती म्हणून नाही गेली. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर गवत वाढायचं थांबलं, मी शेवटचं कापून तशीच रिकामी बॅटरी मशीनला लावून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली आणि थेट जूनमध्ये काढली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ३८-४० असतं, पत्र्याखाली किती झालं असेल विचार करा. चार्जरला लावली तर नुसता लाल दिवा लुकलुकतोय. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं की फार खाली उतरली, आता घेणार नाही, आणि वॉरंटीत बसत नाही म्हणाले. मला खूप वाईट वाटलं, नवी बॅटरी मशीनच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला पडली. तेव्हापासून ठेवताना निम्मी चार्ज करून मशीनमधून काढून घरात कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवते आणि दर दोन महिन्यांनी बघते. दुसरी बॅटरी अजून पहिल्यासारखी चालते. आणि कापून झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही, अर्धा-पाऊण तास सावलीत गार होऊ द्यायची. हे एवढं पाळलं तरी दादा म्हणतात तसं दोन वर्षांत बसत नाही.

काकू म्हणून घेताना आधी सुट्ट्या बॅटरीची किंमत विचारा आणि ती पुण्यात मिळते का ते विचारा. मशीन स्वस्त आणि बॅटरी कुठेच मिळत नाही असं असेल तर घेऊच नका.

रो हाऊस ३, काकू :
बाई बरं झालं विचारलं. आणि पावसात चालतं का? मला तर आत्ताच हवंय.

रो हाऊस ९, ताई :
भर पावसात नाही. ओल्या गवताचा लगदा होऊन पात्याच्या वरच्या झाकणात बसतो, मोटरवर लोड येतो आणि मशीन आपोआप बंद पडतं. उघडीप मिळाली की तीन-चार तास ऊन किंवा नुसता वारा लागू द्या, मग दुपारी चारनंतर कापा. सकाळी दव असतं. मी तर पावसाळ्यात आकाशाकडे बघूनच बॅटरी चार्जिंगला लावते, दोन तास लागतात तिला (४ ची बॅटरी आणि २ अँपिअरचा चार्जर, म्हणून).

आणि घोट्याच्या वरचं गवत एकदम खाली आणायचं नाही. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलं की मूळ दमतं आणि लॉन पिवळं पडतं. पहिल्यांदा मशीनची उंची सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवून फिरवा, तीन-चार दिवसांनी एक खाच खाली, असं करत दोन इंचांवर आणा. उन्हाळ्यात त्याहून उंच राहू द्या, मातीवर सावली राहते आणि पाणी कमी लागतं.

रो हाऊस ७, काका :
हे अगदी बरोबर. मी शेतकी कॉलेजला होतो तेव्हापासून सांगतोय लोकांना, पण सगळ्यांना लॉन गालिच्यासारखं तासून हवं असतं. अजून एक, पात्याला धार पाहिजे. बोथट पातं गवत कापत नाही, ओढून फाडतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेंडे पांढरट दिसले तर समजायचं धार गेली. धार लावताना दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं आणि मधल्या भोकात खिळा घालून पातं आडवं टांगून बघायचं, एक बाजू खाली गेली तर तिकडून अजून थोडं घासायचं. नाहीतर मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातात.

आणि कुंपणाकडेला जे गाजरगवत आलंय त्यावर मशीन घालू नका कुणी. फुलं यायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलावर मशीन फिरवलं तर बी सगळ्या लॉनभर जातं. हे गवत देशात पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमाराला, आणि तिथून कुठल्या कुठे गेलं. माझ्या बायकोला त्याचीच ॲलर्जी आहे म्हणून कळकळीने सांगतोय.

रो हाऊस ५, वहिनी :
ताई आवाज किती असतो याचा?

रो हाऊस ९, ताई :
मोठ्या टेबल फॅन आणि मिक्सरच्या मधला म्हणा. रस्त्यावर ऐकू येत नाही. तरी मी एक ते चार लावत नाही आणि दिवेलागणीनंतर पण नाही. तुझ्या बाळाची वेळ मला कळव, मी त्याप्रमाणे करत जाईन.

सगळ्यांना एक हात जोडून सांगते, घरातल्या मुलांच्या हाती हे मशीन देऊ नका, आवाज कमी म्हणजे धोका कमी असं अजिबात नाही. पात्याला हात लावायच्या आधी, गवत अडकलं म्हणून नुसतं उलटं करायच्या आधीसुद्धा बॅटरी आणि चावी दोन्ही काढून बाजूला ठेवायची. पायात बंद बूट. पाइप लावून धुवायचं नाही, वाळल्यावर लाकडी उलथन्याने खरवडायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं.

आणि आपण म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी आहोत. गवत वाढलेलं असताना आधी काठी आपटत सगळीकडे फिरून यायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. घोणस गवतात बसली तर दिसत नाही. आणि बेडूक असतात हो खूप. पहिल्या वर्षी माझ्या मशीनखाली एक आला, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी भिंतीच्या बाजूने सुरू न करता मधून सुरू करते आणि बाहेर बाहेर जाते, म्हणजे जे काही असेल त्याला झाडांकडे पळायला वाट राहते.

रो हाऊस १२, दादा :
ठीक आहे ताई, पटलं. मग असं करूया ना, सोसायटीनेच एक घेऊ. मामांना आपण घरटी ८०० देतो महिन्याला. मशीनने दोन तासांचं काम वीस मिनिटांत होणार तर ४०० पुरे, उरलेल्यात मशीनचे पैसे वर्षात सुटतील.

रो हाऊस ९, ताई :
दादा मशीन एकत्र घेऊ, यात मी तुमच्याबरोबर आहे. बारा घरांत बारा मशीन घेऊन आठवड्यातले सहा दिवस कपाटात ठेवायची काही गरज नाही, एक मशीन आणि दोन बॅटऱ्या पुरतात, एक संपली की दुसरी लावायची. पण मामांचे पैसे कमी करायला माझा स्पष्ट नकार आहे.

मामा आपल्याकडे सतरा वर्षं येतायत. लॉन त्यांनीच लावलंय, लाल माती आणि शेणखत टोपल्यांनी वाहून. उकिडवं बसून मोठ्या कात्रीने कापून कापून त्यांचे गुडघे गेले. दोन तास आपण त्यांना गवतासाठी पैसे देत होतो का? ते खुरपायचे, जास्वंदीवरचा मिलीबग बघायचे, कोणाच्या नळाची गळती सांगायचे. आता गवताचे दोन तास वाचले तर ते त्यांचे वाचले, आपण कशाला कापून घ्यायचे.

मी मागच्या वर्षीच त्यांना माझं मशीन चालवायला दिलं. आधी हात लावेनात, म्हणाले बिघडलं तर मी कुठून भरू. मी म्हटलं बिघडलं तर माझं बिघडेल. दोनदा फिरवलं आणि मग कंबर सरळ करून उभे राहिले, म्हणाले ताई, मी उभ्याने कधी लॉन कापलं नव्हतं. मला त्या वेळी बोलवेना. आता माझ्याकडचं सगळं तेच कापतात, बॅटरी गार होऊ द्यायचं मला नाही पण त्यांना बरोबर लक्षात राहतं.

रो हाऊस ३, काकू :
ताई मला हे माहीतच नव्हतं गं. मी तर मुलाला मशीन आणायला सांगून मामांना पंधरा दिवसांवरून महिन्यावर आणणार होते. नाही करत आता.

रो हाऊस ७, काका :
माझं मत ताईंबरोबर. ८०० तसेच राहू द्या.

रो हाऊस ५, वहिनी :
माझं पण.

रो हाऊस १२, दादा :
बरं, मागे घेतो. मी फक्त आकडे बघत होतो, गुडघ्यांचं मला माहीत नव्हतं. मशीनचे घरटी समान भाग करू. चार्जिंगला सिक्युरिटी केबिनमधला सॉकेट चालेल का?

रो हाऊस १, सेक्रेटरी :
केबिनमध्ये दुपारी ऊन येतं, तिथे नको. क्लब हाऊसमधल्या कपाटाशेजारी १५ अँपिअरचा पॉइंट आहे, सावलीत आहे, कुलूप पण आहे. किल्ली मामांकडे एक आणि ऑफिसात एक. कमिटीत घेतो विषय, तोवर दोन-तीन दुकानांतून बॅटरीच्या किमतीसकट भाव काढा कोणीतरी.

रो हाऊस १२, दादा :
भाव मी काढतो. बोहरी आळीत विचारून येतो उद्या, तिथे हार्डवेअरवाल्यांना सगळं माहीत असतं.

रो हाऊस ७, काका :
जुन्या बॅटरीचं पण विचार रे. २०२२ च्या नियमाप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची आहे, दुकानदार कुठे जमा करायची ते सांगतो का बघ. ताई तुमची ती मेलेली बॅटरी अजून असेल तर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या टोपलीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते.

रो हाऊस ९, ताई :
नाही टाकली काका, टेप लावून डब्यात ठेवलीये. दादा बरोबर घेऊन जा ती, विचारा कोण घेतं.

काकू, नवीन येईपर्यंत तुमचं लॉन थांबणार नाही. रविवारी हवामान उघडं दाखवतायत, माझं मशीन घेऊन जा. सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवलंय. कापलेलं गवत पिशवीत भरून टाकू नका, बारीक असेल तर तिथेच पसरू द्या, मातीलाच खत होतं. जाड थर झाला तर मात्र उचला आणि कंपोस्टच्या खड्ड्यात वाळल्या पानांबरोबर थर लावून टाका, नुसतं ओलं गवत टाकलं की दुसऱ्या दिवशी वास मारतो.

रो हाऊस ३, काकू :
हो हो. मामांना मी आत्ताच फोन केला, रविवारी चारला येतो म्हणाले. मुलगा पण शिकायला थांबेल त्यांच्याकडे.

(रविवार)

रो हाऊस ३, काकू :
ताई मामा आलेत, काठी घेऊन आधी सगळीकडे फिरतायत. बॅटरी झाली का चार्ज? मुलाला पाठवते न्यायला.

रो हाऊस ९, ताई :
हिरवा दिवा आलाय. पाठवा.