मदत हवी आहे: अतारांकित प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, पण विषय गावच्या शाळेचा आहे. दोन वर्गखोल्यांचं छत गळतं, पावसाळाभर पोरं व्हरांड्यात बसतात. दोन वर्षं अर्ज दिले, पोचेपलीकडे काही हाती आलं नाही. शेवटी हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांना भेटलो आणि त्यांनी विधानसभेत अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर मिळतं असा प्रश्न, टाकला. त्याच्या चार भागांना लेखी उत्तर आलं ते असं:

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) व (३) दुरुस्तीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

गावात सगळे म्हणतात, टोलवलं. मला तसं वाटत नाही. अर्ज फायलीत पडून राहतो, पण इथे मंत्र्यांच्या नावानं, सभागृहाच्या कागदावर छत गळतं हे कबूल झालंय. हा कागद वाया जाऊ द्यायचा नाही. पण पुढचं पाऊल कोणतं? उत्तरावर उपप्रश्न, म्हणजे पुढचा जोडप्रश्न, विचारता येतो का? आमदारांना पुन्हा त्याच विषयासाठी गळ घालायला संकोच वाटतो.

प्रतिसाद १
भाऊ, मी काही वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. अतारांकितावर उपप्रश्न नसतो, तो तारांकितावर. तिथे मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि सदस्य खोदून विचारू शकतात. पण प्रश्नोत्तराचा तास तासाभराचाच. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात, तरी बरेचसे पुकारलेच जात नाहीत, त्यांची उत्तरं लेखीच सभागृहापुढे ठेवली जातात. म्हणून खरी मेहनत प्रश्नाच्या शब्दांवर करा.

तुमच्या प्रश्नात बहुतेक ‘कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ असं असेल. त्याला ‘विचाराधीन’ हे उत्तर ठरलेलंच. आता असं विचारा: प्रस्ताव कोणत्या दिनांकास सादर झाला, किती रकमेचा आहे, सध्या कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे, विलंबाची कारणे काय? तारीख आणि रक्कम मागितली की उत्तरात तारीख आणि रक्कम द्यावी लागते, नाहीतर टाळलेलं उघड दिसतं.

आणि ‘विचाराधीन’ला कमी लेखू नका. संसदेत हे शब्द आश्वासन धरले जातात आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. आपल्या विधिमंडळातही अशी आश्वासनं पुरी होतात का ते पाहणारी आश्वासन समिती आहे, आमदारांना तिथे पत्र द्यायला सांगा.

उत्तराचा पिच्छा पुरवला तर काय होतं, ते १९५७ साली दिसलं. एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले त्या व्यवहारावर लोकसभेत प्रश्न आले, खासदार फिरोज गांधींनी विषय सोडला नाही, चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. तुमचं छत त्यामानानं लहान, पण कागद त्याच जातीचा आहे.

प्रतिसाद २
त्याच आमदारांनी विचारावा असं नाही. विधान परिषदेत नागपूर विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे, तिथले आमदार शिक्षकांच्या मतांवर निवडून येतात; शाळेचा विषय त्यांच्याकडे न्या. सोबत आलेल्या उत्तराची प्रत जोडा.

धागाकर्ता
दादा, दोघांचेही मनापासून आभार. शिक्षक मतदारसंघ डोक्यातच आला नव्हता. मसुदा आज रात्री इथेच टाकतो. ‘प्रलंबित’च्या पुढे अधिकाऱ्याचा हुद्दा लिहावा का, तेवढं सांगा.