शंका ताणायची कुठवर?
कुणीतरी लिहिलंय की संशयवादाला (खात्रीचं ज्ञान मिळतं यावरच शंका घेणाऱ्या मताला) उत्तर द्यायची वेळ देकार्त-ह्यूम या तत्त्वज्ञांच्या युरोपवरच आली, आपल्याकडे सगळी श्रद्धाच. नाही पटलं. ह्यूमचा आक्षेप चार्वाकांनी (प्रत्यक्ष दिसतं तेवढंच मानणाऱ्या आपल्याकडच्या विचारवंतांनी) कितीतरी आधी घेतला होता: आजवर धूर तिथे अग्नी दिसला, पण उद्या किंवा दुसरीकडे तसंच असेल कशावरून?

न्याय या तर्काच्या परंपरेतल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात याला खमकं उत्तर दिलंय. 'उद्या' आणि 'दुसरीकडे' ही काही तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाहीत. त्यांच्याविषयी शंका घेताय म्हणजे अनुमान (दिसलेल्यावरून न दिसलेलं ताडणं) केलंतच की! आणि शंका ताणायची तरी कुठवर? शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणंच तिच्या आड येतं तिथवर. पुढे १४व्या शतकात त्याच परंपरेतल्या मिथिलेच्या गंगेशाने हेच रोखठोक विचारलं: अग्नीमुळे धूर होतो याचीच शंका आहे ना, मग धूर हवा असला की विस्तव कशाला पेटवतोस? भूक लागली की जेवायला का बसतोस?

मधल्या काळात श्रीहर्षाने (हो, तोच, नैषधीयचरित महाकाव्यवाला) खंडनखंडखाद्य या ग्रंथात उदयनांचा हे उत्तर देणारा श्लोकच दोन-चार शब्द फिरवून त्यांच्यावर उलटवला. वागण्याचा शंकेला विरोध दाखवायचा तर ज्याला विरोध होतो ती शंका आधी असावी लागते. मग विरोधाने शंका थांबणार कशी? गंगेशाने यालाही उत्तर दिलंय, विरोध वगैरे राहू दे, कृतीच शंकेला अडवते म्हणून. पण मला ते पुरतं पटत नाही. जेवायला बसणारा खात्री पटली म्हणून थोडाच बसतो? सवयीने बसतो. ह्यूमनेही शेवटी सवयीवरच भागवलं.