टोरांटोच्या पीडीएसी अधिवेशनाला जावं का? सदस्यत्व घ्यावं का? सल्ला हवा आहे

कन्हानकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळची नागपूरची. तिथे भूविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि आता कॅनडात सडबरीला मास्टर्स करते आहे. विषय निकेल-तांब्याची सल्फाइड खनिजं. दर मार्चच्या सुरुवातीला टोरांटोत प्रॉस्पेक्टर्स अँड डेव्हलपर्स असोसिएशन ऑफ कॅनडा, म्हणजे पीडीएसी या संघटनेचं चार दिवसांचं अधिवेशन भरतं. खनिज शोधाच्या धंद्यातला जगातला सर्वांत मोठा मेळावा, वीस हजारांवर माणसं येतात. वर्गातली बहुतेक मुलं निघाली आहेत. माझं बजेट तंग आहे, म्हणून विचारते.

उन्हाळ्याची फील्डची नोकरी मिळायला तिथे जाऊन खरंच उपयोग होतो का? सदस्यत्व घ्यावं की नुसतं अधिवेशन पुरे? व्हँकूवरच्या एएमई या संघटनेबद्दलही ऐकलं आहे, ती जास्त कामाची का?

आणि एक शंका. पीडीएसी मुळात कंपन्यांची. सरकारदरबारी कंपन्यांची बाजू मांडणं हे तिचं मुख्य काम. मला खडकांचा अभ्यास करायचा आहे, तर तिच्याकडून मी नेमकं काय घ्यायचं?

गारगोटी
जा. मी उत्तर ओंटारिओत ड्रिल कोअरचं (जमिनीत भोक पाडून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांचं) लॉगिंग करतो, म्हणजे त्यात काय दिसतं ते नोंदवतो, म्हणून नोकरीचं आधी सांगतो.

इथल्या छोट्या शोध कंपन्यांना, ज्यांना ज्युनिअर म्हणतात, काडीचं उत्पन्न नसतं. त्या शेअर विकून ड्रिलिंग करतात. त्यातले बरेचसे असतात फ्लो-थ्रू शेअर: शोधावर झालेला खर्च कंपनी आपल्या करातून वजा न करता गुंतवणूकदाराला देऊन टाकते, तो आपल्या करातून वजा करतो. त्यावर २००० सालापासून १५ टक्के केंद्रीय करसवलत आहे आणि २०२२ च्या अर्थसंकल्पापासून निकेल, तांबं, लिथियम अशा ठरावीक खनिजांना ३० टक्के. करवर्ष डिसेंबरला संपतं, त्यामुळे पुष्कळ पैसा वर्षाच्या शेवटी उभा राहतो आणि पुढच्या वर्षात तो खर्च करावा लागतो. म्हणजे मार्चमध्ये टोरांटोत जो माणूस स्टॉलवर उभा असतो, त्याच्या हातात पैसा आलेला असतो आणि उन्हाळ्यासाठी माणसं हवी असतात. तारखांचा हा मेळ फार थोड्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येतो.

संघटनेचं सरकारदरबारचं काम तुझ्या पगाराशी कसं जोडलेलं आहे तेही यातच आलं. १५ टक्क्यांची सवलत सुरुवातीपासून तात्पुरती आहे, मुदत संपत आली की वाढवून घ्यावी लागते, आणि ते पीडीएसी वर्षानुवर्षं मागत आली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी याच अधिवेशनात ती ३१ मार्च २०२७ पर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं.

आता कुठे जायचं ते. गुंतवणूकदारांच्या दालनात चकचकीत फलक असतात, तिथे रेंगाळू नकोस. थेट कोअर शॅकमध्ये जा. कंपन्या तिथे खऱ्या कोअरचे खोके मांडून बसतात आणि दोन दिवसांनी सगळ्या कंपन्या बदलतात. म्हणून दोनच दिवस परवडत असतील तर सोमवार-मंगळवार धर, दोन्ही तुकड्या बघायला मिळतील. खिशात भिंग ठेव. खोक्यातले लाकडी ठोकळे बघ, त्यांवर मीटरमध्ये खोली लिहिलेली असते. पाणी फवारून कोअर ओली कर, कोरड्या कोअरवर राखाडी दिसणाऱ्या पट्ट्यात चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाचा पितळी रंग लगेच उठून येतो. आणि विचार, "या भोकाची जागा कशावरून निवडलीत?" समोर बहुधा तो खडक स्वतः लॉग केलेला भूवैज्ञानिक असतो, त्याला हा प्रश्न आवडतो. माझी पहिली नोकरी अशाच गप्पांतून लागली.

जुना_हातोडा
पोरी, सडबरीला आहेस तर आणखी एक. पीडीएसी मे महिन्यात विद्यार्थ्यांसाठी सुमारे दोन आठवड्यांची कार्यशाळा घेते, तीही सडबरीतच. निवड कडक असते, पण निवडलेल्या मुलांना खर्च पडत नाही. पात्रतेचे नियम आधी नीट वाच, मास्टर्सवाल्यांना घेतात का ते विचारून घे.

मी नागपुरात सरकारी खनिज शोधात आयुष्य घालवलं. आपल्याकडे हे काम जीएसआय आणि एमईसीएल या सरकारी संस्थांच्याच खांद्यावर राहिलं. फिमी ही खाण उद्योगाची संघटना १९६६ पासून आहे, पण तिथे मुख्य आवाज खाणवाल्यांचा. शोध घेणाऱ्याची स्वतःची अशी संघटना वाढायला शोध घेणारा खाजगी माणूस तर हवा! २०२३ च्या कायदादुरुस्तीने २९ खनिजांसाठी शोध परवाना आला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. कॅनडात पीडीएसी १९३२ पासून आहे, म्हणून तिची कार्यपद्धती बारकाईने बघ. उद्या आपल्याकडे तेच लागणार आहे.

तुझ्या शंकेबद्दल. बुसांगचं प्रकरण नीट वाच. ब्रि-एक्स या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियात बुसांगला सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं सांगितलं आणि १९९७ च्या मार्चमध्ये याच पीडीएसीने तिच्या मुख्य भूवैज्ञानिकाला वर्षाचा सर्वोत्तम प्रॉस्पेक्टर म्हणून गौरवलं. काही आठवड्यांत कळलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. एरवी कोअर उभी चिरून अर्धी खोक्यात राखतात, म्हणजे कुणालाही पुन्हा तपासता येते. तिथे अख्खी कोअर दळली जात होती. संघटनेने दिलेलं ढालपदक म्हणजे खडकाची तपासणी नव्हे, एवढं मनाशी पक्कं ठेव. कोअर शॅकमध्ये उरलेली अर्धी कोअर दिसली की थांबून बघच.

त्या धक्क्यानंतर २००१ मध्ये कॅनडात शेअर बाजारातल्या खाण कंपन्यांसाठी एनआय ४३-१०१ हा नियम आला. साठ्याची तांत्रिक माहिती पात्र व्यक्तीच्या जबाबदारीवरच जाहीर करायची. त्यासाठी लागणारी पी.जिओ., म्हणजे व्यावसायिक भूवैज्ञानिक अशी नोंदणी ओंटारिओत पीजीओ या नियामक संस्थेकडे होते, पीडीएसीकडे नाही. एकीचं कार्ड दुसरीच्या जागी चालत नाही. पैसे एकाच ठिकाणी भरायचे असतील तर पीजीओच्या प्रशिक्षणार्थी नोंदणीचं आधी बघ.

मांडवीतीर
मी गोव्याचा. भूविज्ञान माझा विषय नाही, पण खाणपट्ट्यातल्या गावात वाढलो. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. आमच्याकडे निर्यातदारांची संघटना होती आणि आहे, ती ट्रक-बार्जवाल्यांच्या पोटाबद्दल बोलायची, गावच्या विहिरीबद्दल मी तिला बोलताना ऐकलं नाही. कॅनडातल्या या संघटना तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल काय भूमिका घेतात? ताई, जाणार असाल तर हे विचाराच.

पॅसिफिकची_सर
मांडवीतीर, महत्त्वाचं विचारलंत. मी व्हँकूवरला असते, एएमईची सदस्य आहे, म्हणून ब्रिटिश कोलंबियापुरतं सांगते.

इथे पूर्वी परवानाधारकाला घरबसल्या संगणकावर क्लेम, म्हणजे एखाद्या जागेवर खनिज शोधण्याचा हक्क, नोंदवता येत असे. ज्यांची ती पिढीजात भूमी, त्यांना आधी कळवायचीही गरज नव्हती. गित्खाला नेशन (तिथल्या मूळ रहिवाशांचा एक समाज) न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल आला की सल्लामसलत करणं सरकारचं कर्तव्य आहे. २६ मार्च २०२५ पासून क्लेम देण्याआधी सल्लामसलत होते. एएमईची तक्रार विलंबाची आणि अनिश्चिततेची आहे. मी सदस्य असूनही म्हणते, निकाल योग्य होता. विलंबाची तक्रारही खोटी नाही, कारण हंगाम छोटा असतो आणि दोन महिने गेले तर वर्ष जातं. पण त्यावरचा उपाय म्हणजे सरकारने आणि नेशन्सनी या कामाला पुरेशी माणसं आणि पैसा मिळवणं, जुनी पद्धत परत आणणं नव्हे. सदस्यांच्या बैठकीत हे बोलता येतं आणि मी बोलते.

पीडीएसीने २००९ मध्ये जबाबदार शोधासाठी ई३ प्लस नावाची मार्गदर्शिका काढली. स्थानिक समाज, पर्यावरण, सुरक्षितता असे तिचे भाग होते. ती ऐच्छिक, पाळली नाही तर शिक्षा नाही. तरीही कन्हानकाठ, वाचच. ड्रिलच्या जागेवर डिझेल सांडलं तर काय करायचं, गावात पहिल्यांदा कुणाला भेटायचं, हे वर्गात कुणी शिकवत नाही.

एएमई १९१२ ची. तिचं राउंडअप अधिवेशन जानेवारीत व्हँकूवरला होतं. तुझं काम सडबरीच्या निकेलवर आहे, विमानाचं भाडं कशाला? पश्चिमेकडे नोकरी करायची ठरली की मग घे तिचं सदस्यत्व.

कन्हानकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवार-मंगळवार जायचं ठरवलं. पीडीएसीचं विद्यार्थी सदस्यत्व सवलतीत मिळतंय, तेवढं घेते. एएमई पुढे बघू. काका, पीजीओचा अर्ज आजच उघडला. मांडवीतीर, तुमचा प्रश्न विचारणार आहे. तिथे मूळ रहिवाशांसंबंधीची सत्रं असतात, त्यांतलं एक मंगळवारी मिळालं तर पूर्ण बसते.

आणखी एकच: बायोडेटा छापून न्यावा का? मैत्रीण म्हणते आजकाल कुणी कागद घेत नाही.

गारगोटी
थोड्या प्रती ने. एका पानाचा, वर ठळक अक्षरांत कुठलं सॉफ्टवेअर येतं, ड्रायव्हिंग लायसन्स आहे का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं का आणि कोणत्या तारखेपासून कामाला येऊ शकतेस. वर्क परमिटची अटही लिही, ती विचारतातच. लायसन्स नसेल तर मार्चच्या आत काढ, फील्डच्या नोकरीत गुणपत्रिकेच्या आधी तेच बघतात.