राशन किट वाटा, पण मजुरीचं विचारू नका?

बेसा_रोडवाला:
आमच्या सोसायटीच्या मागं मोठी फ्लॅट स्कीम बांधणं सुरू आहे, तिथं छत्तीसगड न् बालाघाटकडले मजूर टिनाच्या खोल्यांत राहतात. पावसानं काम बंद पडलं की ग्रुपवर वर्गणी काढून आम्ही किट नेऊन देतो, तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ. यावेळी एक बाई म्हणाली, दादा दोन हप्त्याची मजुरी अडकली, ठेकेदार आज देतो उद्या देतो करून राहिला. मी ग्रुपवर टाकलं की चला चारपाच जण जाऊन विचारू, तर ग्रुपच पेटला. "आपण मदत करायला आहो, युनियन करायला नाही." माझं म्हणणं एवढंच की मजुरी वेळेवर मिळाली तर किट लागतेच कशाला? ठेकेदाराचा खर्च आपण उचलून राहिलो. तुम्हाला काय वाटते?

धरमपेठी_काका:
विचारणं सोपं आहे भाऊ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, मे महिन्यात, नागपूरजवळच्या पांजरी टोल नाक्यावर आम्ही उभे होतो, हैदराबादकडून लोक पायी येत होते, कोणाच्या पायात चप्पल नाही तर कोणाच्या खांद्यावर लेकरू. तू कुठला, कोणत्या जातीचा, कोणावर केस करायची, काही विचारलं नाही. पाणी, खिचडी, चप्पल, न् पुढच्या गाडीत बसवून द्यायचं. म्हणून तर सगळ्या झेंड्यांचे लोक एका टेबलावर आले. हक्काची भाषा आली की अर्धे घरी जातात. न् वर्गणी देणाऱ्यांत दोघंतिघं बिल्डरच आहेत, तेही बघा.

प्रज्ञा_इंदोरा:
काका, शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलं, आता मी काय बोलू 😄 अन्न न् हक्क वेगळे कोणी केले? १९६९ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या ब्लॅक पँथरवाल्यांनी, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं, चर्चमध्ये पोरांना फुकट नाश्ता सुरू केला, तेच लोक पोलिसांच्या मारहाणीविरुद्धही उभे होते. त्यांच्यावरूनच १९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली. त्याच्याही आधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. अर्जाच्या प्रती मागवल्या, किट नाही.

स्पष्टवक्ता_नागपूर:
अमेरिकेचं इथं आणू नका बापा. तिथं रंगाचा प्रश्न, इथं पोटाचा. न् राग आला तर येऊ द्या, विदर्भातली पोरं बेकार फिरून राहिली आणि आपण बाहेरून आलेल्यांचे हक्क मोजत बसलो. आधी आपले.

प्रज्ञा_इंदोरा:
तुमचा भाचा न्यू जर्सीत आहे ना, मागं तुम्हीच सांगितलं होतं? नागरी हक्कांच्या लढ्यानं तिथलं वातावरण बदललं, १९६५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठीचा देशावार कोटा गेला, मग आपले डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येनं जायला लागले. त्याचा व्हिसा अडकला की अन्याय, छत्तीसगडी आला की बाहेरचा!

भंडाऱ्याचा_पोट्टा:
"आधी आपले" म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं या. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडले लोक दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात, लॉकडाऊनमध्ये तिथंच अडकले, आमची आत्या त्यातच होती. तिथं तिला कोण आपलं म्हणणार होतं?

अंबाझरी_लेआऊट:
मी वर्गणी देतो न् काकांना मानतो, पण एक सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, आमच्या घरात पाणी. खिचडीची पाकिटं आली, घेतली. म्हणून गप्प बसलो का? पाणी कोणामुळं घुसलं ते विचारायला इथले रहिवासी हायकोर्टात गेले. त्याला कोणी राजकारण म्हटलं नाही, कारण आमच्याजवळ पक्की घरं न् वकील आहेत.

साईट_सुपरवायझर:
सगळे शहाणे आहात, पण तुम्ही गाडीवर येऊन ठेकेदाराला झापाल न् जेवायला घरी जाल. खोली त्याची, गावाहून निघताना उचल घेतली तीही मुकादमाच्या हातून त्याचीच. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड रस्त्यावर. त्या बाईला विचारलं का कोणी? बोलणं पटत नसेल तर कागदं करा, बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागते, ते मिळवून द्या.

ठिय्यावरची_ताई:
प्रमाणपत्र देणार कोण, तोच ठेकेदार ना? राशनचं ऐका. परवा एकीला दुकानात नेलं, वन नेशन वन राशन कार्डात छत्तीसगडचं कार्ड इथं चालते, दुकानदार म्हणे नाही चालत. भांडल्यावर मशीन पुढं केली, तर अंगठा लागेना, सिमेंट कालवून कालवून रेषाच गेल्या. पदरानं पुसून एकेक बोट लावून पाहिलं, मागचे ओरडून राहिले, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर पावती निघाली. आता काका सांगा, ही मदत का राजकारण?

धरमपेठी_काका:
ही मदतच. ठेकेदाराच्या दारात जाणं वेगळं. जायचं तर जा, ग्रुपच्या नावानं नको, किट बंद होणार नाही.

बेसा_रोडवाला:
सुपरवायझर भाऊ, विचारलं तिला. म्हणते ठेकेदाराशी भांडू नका, मुकादमाला हजेरीची वही काढायला लावा, तिचे खाडे जास्त लिहिलेत. रविवारी जातो. काका, ग्रुपचं नाव नाही घेत, पण वहीचा फोटो ग्रुपवर टाकणार, बिल्डर साहेबही तिथंच आहेत ना.