आईचा बंद पडलेला मोबाइल क्रमांक दुसऱ्याला मिळाला आहे. आता बँकेत क्रमांक बदलायचा कसा?

कोरेगावकर:

नमस्कार. माझी आई बहात्तर वर्षांची असून सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते; मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. तिच्याकडे बरीच वर्षे बटणांचा एक साधा फोन होता आणि त्यातला क्रमांक बँक, गॅस, आधार, शिधापत्रिका आणि वडिलांच्या मागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन अशा सगळ्या ठिकाणी दिलेला होता. दोन वर्षांपूर्वी मी तिला नातवंडांशी चेहरा पाहून बोलता यावे म्हणून नवा फोन आणि त्याबरोबर नवे सिम घेऊन दिले. जुन्या फोनची बॅटरी फुगली, तो कपाटाच्या खणात गेला, आणि गेल्या पाडव्याच्या सुमारास त्याचा रिचार्ज संपला तो पुन्हा कोणी केलाच नाही. चूक माझी आहे, हे आधीच मान्य करतो.

दिवाळीनंतर गॅसची टाकी घेऊन नवा मुलगा आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "आजी, कोड सांगा." आधीचा माणूस ओळखीचा असल्यामुळे त्याने कोड कधी मागितलाच नव्हता. आईने दोन्ही फोन त्याच्यापुढे धरले. एक बंद होता आणि दुसऱ्यावर काही आले नव्हते. तेव्हा मी पुण्याहून तिच्या जुन्या क्रमांकावर फोन लावला, तर तो चक्क वाजला आणि एका अनोळखी तरुणाने उचलला. तो आदबीने बोलला. हा क्रमांक आपण महिन्यापूर्वी रीतसर विकत घेतला असून त्यावर कोणा आजींच्या बँकेचे, निवृत्तिवेतन जमा झाल्याचे आणि गॅसचे संदेश येतात, असे त्याने सांगितले.

आता अडचण अशी की बँकेच्या ॲपमधून क्रमांक बदलायला गेले की "नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे" असे उत्तर येते. एटीएम यंत्रावरही तसाच पर्याय आहे आणि तेथेही जुन्या क्रमांकावरचा ओटीपी लागतो. शाखेत फोन केला तर ॲपमधून करा म्हणाले. म्हणजे क्रमांक हरवला आहे हे सांगण्यासाठीही तोच हरवलेला क्रमांक लागतो.

तो तरुण म्हणाला, "काका, तुम्ही विनंती टाका, ओटीपी आला की मी सांगतो." त्याचा हेतू मला चांगला वाटतो, तरीही मन धजत नाही. असे एकदाच करून मोकळे व्हावे का? की दुसरा काही मार्ग आहे? नोव्हेंबर चालू आहे आणि हयातीचा दाखलाही द्यायचा आहे.

जुनालेजर:

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून शेवटची आठ वर्षे ग्रामीण शाखेत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम, त्या तरुणाकडून ओटीपी घेऊ नका. तो प्रामाणिक असेलही. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. उद्या खात्यात काही गडबड झाली तर बँक पहिला प्रश्न विचारेल की ओटीपी कोणाला सांगितला होता का, आणि आज तुम्ही त्याच्याकडून घेतलेला एक ओटीपी उद्या तुमचीच बाजू लंगडी करील. शिवाय ओटीपी वाचून दाखवण्याची सवय त्या मुलाला लागू नये, हेही तुमच्याच हाती आहे.

दुसरे, आजच बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून आईच्या खात्यावरील मोबाइल बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्या. क्रमांक नंतर बदलता येईल. आधी दार लावा.

तिसरे, आणि हेच खरे उत्तर: क्रमांक बदलणे हे केवळ ॲपचे काम नाही, ते शाखेचेही काम आहे. खाते ज्या शाखेत आहे तेथे आईला स्वतः घेऊन जा. पासबुक, आधार, पॅन यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचा लेखी अर्ज बरोबर असू द्या. अर्जात "माझा जुना क्रमांक बंद होऊन दुसऱ्या व्यक्तीस दिला गेला आहे" हे वाक्य स्पष्ट लिहा, कारण ते वाक्य कागदावर आले की खिडकीवरच्या माणसाला ॲपकडे बोट दाखवणे अवघड होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. एक धोक्याची जागा सांगून ठेवतो: वृद्ध माणसांची सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही आणि अर्ज तेथेच अडतो. तसे झाले तर साक्षीदारासह अंगठा घेता येतो. नवा नमुनाही त्याच वेळी देऊन टाका.

हयातीचा दाखला त्याच टेबलावर कागदावर देता येतो. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि चांगली आहे, पण ती सोय आहे, सक्ती नव्हे.

शाखेने अर्ज घेऊनही तीस दिवसांत काही केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. खरे तर बंद झालेल्या क्रमांकांची यादी दूरसंचार खात्याच्या यंत्रणेवर उपलब्ध असते, आणि ती तपासून ग्राहकांच्या नोंदी अद्ययावत कराव्यात असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच बँकांना सांगितले आहे. म्हणजे हे काम ग्राहकाने धावत यायच्या आधी बँकेने करावयाचे होते.

नाक्यावरचे दुकान:

माझे मोबाइल रिचार्जचे दुकान आहे आणि असे ग्राहक आठवड्याला दोन तरी येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तर रांग लागली होती, कारण ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतो आणि अनेक बायकांना आधारला कोणता क्रमांक जोडला आहे हेच माहीत नव्हते. एकीच्या आधारला तिच्या दिराचा जुना क्रमांक होता, आणि दिराशी बोलणे बंद.

क्रमांक कसा जातो ते थोडे सांगतो, म्हणजे इतरांचा वाचेल. २०१३ सालापासूनचा नियम असा आहे की प्रीपेड क्रमांक नव्वद दिवसांपर्यंत वापरला गेला नाही म्हणून तो बंद करता येत नाही. त्यानंतरही खात्यात निदान वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून क्रमांक आणखी तीस दिवस राखावा लागतो, आणि शिल्लक असेपर्यंत असेच चालते. बंद केल्यावरही पंधरा दिवसांत मागितला तर तोच क्रमांक परत मिळू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये हीच बातमी "वीस रुपयांत सिम चार महिने चालू" अशी होऊन सगळ्या गटांत फिरली आणि मला आठवडाभर लोकांना समजावत बसावे लागले. वीस रुपयांनी क्रमांक राखला जातो; कॉल आणि संदेश चालू राहतील असा त्याचा अर्थ नाही. एकदा क्रमांक पुरता बंद झाला की नव्वद दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत. पाडवा ते दिवाळी हा हिशेब बघा, बरोबर जुळतो.

आता खरी मेख. ज्या आजींना फक्त फोन उचलायचा आहे त्यांनी दर अठ्ठावीस दिवसांनी इंटरनेटसकट रिचार्ज का मारायचा? अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले, इंटरनेटविरहित रिचार्ज द्यायला लावले आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. ते आहेत, पण ॲप उघडल्यावर पहिल्या पानावर दिसत नाहीत. दुकानात मागावे लागतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सिमवर वर्षाचा असा एक रिचार्ज मारून ठेवा आणि विसरून जा.

ओटीपीबद्दल मात्र लेजरसाहेबांइतका मी कडक नाही. गावात शाखा पंधरा किलोमीटरवर असते, म्हातारीचे गुडघे दुखत असतात, आणि समोरचा मुलगा सांगायला तयार आहे. मी अनेकांना तसे करून मोकळे होताना पाहिले आहे.

गवतीचहा:

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीत मी नवे सिम घेतले आणि पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी थकलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन सुरू झाले. मी ती व्यक्ती नाही हे पटवून देण्यात चार महिने गेले. त्याहून विचित्र म्हणजे रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला एका शाळेचा संदेश यायचा की आपला पाल्य बसमध्ये चढला आहे. एका अनोळखी मुलाची बस किती वाजता येते, कोणत्या दिवशी तो गेला नाही, हे मला ठाऊक होते. शाळेला दोनदा फोन केल्यावर ते थांबले. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही.

मलाही एकदा एका गृहस्थांचा फोन आला होता: "हा माझ्या बायकोचा जुना नंबर आहे, आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा." मी नाही म्हणाले. ते चिडले. ते खरे बोलत होते असे मला आज वाटते, पण फसवणारा माणूसही नेमके हेच वाक्य बोलतो आणि माझ्याकडे ओळखण्याचे काही साधन नव्हते. दुकानवाल्या दादांनी पाहिलेले सगळे लोक सुटले असतील. तरी ज्याच्या हातात दुसऱ्याचा क्रमांक आहे त्याला या पेचात टाकू नये. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जुन्या धारकानेच आपली माहिती सांभाळण्याची काळजी घ्यावी, असे सांगितले गेले. कायद्याने ते ठीक असेल, पण बहात्तर वर्षांच्या बाईने ते कसे करायचे हे कोणी सांगत नाही.

सरळरेषा:

एवढा खटाटोप कशाला? सगळीकडे आईऐवजी स्वतःचाच क्रमांक द्यावा. मी माझ्या आईवडिलांचे सगळे माझ्या क्रमांकावर घेतले आहे आणि पाच वर्षांत एकदाही अडचण आली नाही.

जुनालेजर:

@सरळरेषा, अडचण आली नाही ती तुम्हाला. आईवडिलांना विचारले का? माझ्या शाखेत एक बाई दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला यायच्या, कारण त्यांच्या खात्याचे सगळे संदेश धाकट्या मुलाकडे जात आणि किती आले, किती गेले हे त्या मुलाला विचारायची त्यांना चोरी होती. हेतू चांगला असला तरी ज्याच्या हातात ओटीपी त्याच्या हातात खाते, हे विसरू नये.

कोरेगावकर:

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

स्वतःचा क्रमांक देण्याचा विचार माझ्याही मनात आला होता आणि मी तो आईजवळ बोललो. ती म्हणाली, "माझ्या पैशाचा मेसेज तुझ्याकडं कशाला?" तो विषय तेथेच संपला.

मदत क्रमांकावर फोन करून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय त्याच रात्री बंद केले. शनिवारी आईला घेऊन शाखेत गेलो. लेजरसाहेबांनी सांगितलेले वाक्य अर्जात लिहिले होते. खिडकीवरच्या बाईंनी ते दोनदा वाचले आणि ॲपचे नाव न काढता आत साहेबांकडे पाठवले. सहीची भीती खरी ठरली. वडील गेले त्या वर्षी केलेली नमुना सही ठसठशीत होती आणि आताच्या सहीत तिचा हात कापतो. साहेबांनी तीन वेळा सही करायला लावली. तिसऱ्या वेळी आईने पेन खाली ठेवून हात पदराला पुसला, पुन्हा पेन उचलले आणि एक एक अक्षर कोरल्यासारखे लिहिले. ती सही चालली. हयातीचा दाखला त्याच बैठकीत झाला. मंगळवारी नव्या क्रमांकावर बँकेचा पहिला संदेश आला आणि तिने तो मला फोनवर वाचून दाखवला, "प्रिय ग्राहक"पासून.

आधारसाठी केंद्रावर जावे लागले नाही. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल क्रमांक बदलून देतो, हे येथे कोणी लिहिले नव्हते म्हणून मुद्दाम नोंदवतो. बोटांचे ठसे उमटायला मात्र वेळ लागला. जन्मभर भांडी घासलेल्या आणि खुरपे धरलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. पोस्टमनने तेल लावून, पुसून, चौथ्या बोटावर काम भागवले.

गॅस एजन्सीत पुस्तक दाखवताच क्रमांक बदलल्याचे सांगितले, पण लेखी काही दिले नाही. शिधापत्रिकेचे बाकी आहे.

काल आईच्या सांगण्यावरून त्या तरुणाला फोन केला आणि आता तुला आमचा त्रास होणार नाही असे सांगितले. तो हसला आणि म्हणाला की बँकेचे संदेश थांबले आहेत, पण गॅसच्या नव्या टाकीचा कोड आज सकाळीच त्याच्याकडे आला आहे. त्याने तो मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. सोमवारी पुन्हा एजन्सीत जातो आहे, या वेळी अर्जाच्या दोन प्रती घेऊन.